नायगावची तेलवाली

"आली बघ, नायगावची तेलवाली परत."

काचेपलीकडच्या दोन मेकॅनिकांपैकी एक आमच्या गाडीकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, आणि दोघं हसले. लोअर परळच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसी होता, कॉफीचं मशीन होतं, पण काचेच्या दाराला फट होती. पप्पांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं असणार, कारण त्यांनी उगाच उभं राहून शर्ट पँटमध्ये नीट खोचला.

समोर बसलेला सल्लागार माझ्याच वयाचा होता. तो म्हणाला, "सर, गॅस्केट बदललं, सील बदललं. आजपण खालून सगळं टाइट करून देतो. पण आता तेल परत गळलं ना, तर इंजिन खाली उतरवून खोलावं लागेल. त्याला टाइम लागतो, सर."

पप्पांनी मला कोपराने ढोसलं. "इंग्लिशमध्ये विचार त्याला."

मला ते यासाठीच न्यायचे. इंग्रजी शाळेत घातलेली मुलगी शेजारी असली की समोरचा नीट उत्तर देतो, असा त्यांचा विश्वास. मी एवढंच विचारलं, "सो व्हॉट इज द रीझन?" तो हसून म्हणाला, "मॅडम, तेच शोधतोय."

परत येताना भोईवाड्याच्या सिग्नलला पप्पा स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "आता गळली तर देऊन टाकायची. जत्रा-बित्रा काय नाय. म्हाताऱ्याला सांग तू."

म्हातारा म्हणजे माझे आजोबा. गावच्या देवीच्या जत्रेला त्यांना जायचं होतं. आधीच्या दोन जत्रा त्यांच्या गुडघ्यांनी घालवल्या होत्या. रेल्वेची पायरी आणि एसटीची पायरी दोन्ही त्यांना जमेनाशा झाल्या होत्या. आमच्या गाडीत मात्र पुढची सीट मागे सरकवली की ते पाय लांब करून बसू शकत. ही गाडी गेली की त्यांचं गाव गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

मी काही त्यांना सांगितलं नाही.

आता आमची ती नायगावची चाळ नाही. आमच्या दाराच्या जागी मोठा खड्डा होता, मग पत्रे आले, मग त्यावर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. पण गाडी आठवली की मला आधी ती दोन चाळींमधली गल्ली दिसते. आमची खोली तळमजल्याला, आणि गाडी आमच्या खिडकीसमोरच उभी. आईने सुकत घातलेल्या चादरीचं टोक वाऱ्याने तिच्या टपावर जायचं. क्रिकेटवाल्या पोरांनी तिला आउटचा नियम लावला होता: गाडीला बॉल लागला की बॅट्समन बाद. शिवाय गाडीखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा. पप्पा रोज ऑफिसला जायच्या आधी तो पुठ्ठा ओढून काढायचे आणि काळे डाग बघत उभे राहायचे. वरच्या मजल्यावरचे काका दात घासता घासता विचारायचे, "काय, आज काय रिझल्ट?" पप्पा म्हणायचे, "नापास."

आजोबांची खुर्ची त्याच खिडकीखाली. ते मिलमध्ये साच्यांना तेल घालायचे. कापड विणायच्या त्या यंत्रांना गिरणगावात साचे म्हणतात. हातात लांब चोचीची बुधली घेऊन एका साच्याकडून दुसऱ्याकडे, पाळी संपेपर्यंत. मिल गेली, बुधली राहिली. आमच्या शिवणाच्या मशीनला, दाराच्या बिजागऱ्यांना, शेजाऱ्यांच्या पंख्यांना तीच लागायची. चाळीत कुठेही काही कुरकुरलं की लोक म्हणत, "आजोबांना बोलवा रे."

गाडी आल्यावर पहिल्या दसऱ्याला पप्पांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. आजोबा म्हणाले, "उघड तिका." त्यांनी बॉनेट कसं उघडतात ते पप्पांकडून शिकून घेतलं आणि हळदकुंकू थेट इंजिनाला लावलं. "तोंडाक कुंकू लावन् काय करतंस? काम पोट करता."

मला त्यांचं मालवणी सगळं समजायचं. बोलता यायचं नाही. म्हणजे आलंही असतं, पण शाळेत मी मराठी बोलले तरी मैत्रिणी हसायच्या, आणि घरात इंग्रजी शब्द आला की आत्या. त्यामुळे मी मधल्या मध्ये कमी बोलायला शिकले. आजोबांना मी शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे, ते मला मालवणीत प्रश्न विचारायचे. आमचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी सर्व्हिस सेंटरहून आल्यावर मी मोबाइलवर तेलगळतीचे व्हिडिओ बघितले. एकात सांगितलं होतं की आधी तेलाची पट्टी बघा. इंजिनात एक लांब पातळ पट्टी खोचलेली असते. तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. मी जुन्या ओढणीचा तुकडा घेऊन बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल बरोबर मध्ये होतं. मला उगाचच आपण कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुठ्ठ्यावर डाग आला. पप्पा "नापास" म्हणाले नाहीत. नुसता पुठ्ठा परत आत सरकवला आणि गेले. ते गेल्यावर मी पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्याही वर, बरंच वर होतं.

मी पट्टी परत पुसली, परत बघितली. गाडी गळत होती, तर तेल कमी व्हायला हवं होतं. आमचं वाढलं होतं.

त्याच व्हिडिओवाल्याने दुसऱ्या व्हिडिओत हेही सांगितलं होतं: तेल जास्त झालं की आत दाब वाढतो आणि नवीन सीलमधूनसुद्धा ते वाट काढतं. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी आधी सगळं तेल सोडायचे, मग खालून दुरुस्त करायचे, मग मापाने नवीन भरायचे. सोडलेलं तेल किती होतं ते बघायचं कुणाला सुचलं नसणार.

पहिल्यांदा गाडी खरीच गळत होती. तेव्हा सल्लागाराने पप्पांना तेलाचा एक कॅन दिला होता: "लक्ष ठेवा सर, कमी वाटलं तर थोडं टाका." पप्पांनी तो खाटेखाली सरकवला आणि विसरले. मी वाकून खाटेखाली हात घातला. कॅन हलका होता. त्याच्या बाजूला बुधली, पुसून ठेवलेली, चोचीला कापसाचा बोळा.

पप्पांना सांगितलं असतं तर ते ओरडले असते, मग आत्याला फोन, मग सगळ्या चाळीत, "आजोबांनीच गाडी बिघडवली." त्यानंतर त्यांना पंख्यासाठीही कुणी बोलावलं नसतं. न सांगावं तर गाडी जाणार. ज्या गाडीतून जत्रेला जायचं, तिला आजोबा स्वतःच विकायला लावत होते, आणि त्यांना याचा पत्ता नव्हता.

पुढे काय झालं ते तसं सोपं आहे. पप्पा ऑफिसला गेल्यावर मी सर्व्हिस सेंटरला फोन करून माणूस बोलावला आणि जास्तीचं तेल काढून घेतलं. फोनवर मला बोलता येतं, तिथे चेहरा दिसत नाही. गळणं थांबलं. पप्पांना अजून वाटतं की शेवटचं सील चांगलं बसलं. जत्रेला आजोबा पुढच्या सीटवर पाय लांब करून गेले, घाटात प्रत्येक वळणाला "सावकाश रे" म्हणत. देवळासमोर त्यांना ओळखणारी माणसं एकामागून एक येत राहिली आणि त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, "गाडयेन इलंय." ती त्यांची शेवटची जत्रा.

पण त्याआधी, कॅन सापडल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती.

दूधवाला येऊन गेला होता. आई-पप्पा झोपलेले. खिळ्यावरची गाडीची किल्ली वाजली म्हणून मी डोळे उघडले. खिडकीतून पाहिलं तर बॉनेट वर, आणि आजोबा एक हात गाडीवर टेकवून, दुसऱ्या हातात बुधली घेऊन वाकलेले. गुडघ्यांमुळे घरात भिंत धरून चालणारा माणूस तिथे कसा सरळ आणि सवयीने उभा होता! मी त्यांना मिलमध्ये कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी पाहिलं असं वाटलं.

मी चप्पल न घालता बाहेर गेले.

"गो चेडवा, उठलंस?" ते कुजबुजले. "हळू. तुझो बापूस उठतलो."

"आजोबा, काय करताय?"

"गळता ना ती. गळता म्हणजे कमी होता. कमी होता म्हणजे घालूक व्हया." बुधलीची चोच त्यांनी बोटाने पुसली. "जत्रेक जावचा आसा मगे. घाटात सुकी पडली तर?"

"पण माप असतं त्याला."

"साच्याक मापून घातलेला मी तरी नाय बघूक," ते हसले. "सुकी मशीन आवाज करता. आवाज झालो की मुकादम येता."

मी पट्टी ओढली, ओढणीच्या तुकड्याने पुसली, परत घालून काढली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली. पट्टीवर दोन खुणा, आणि तेल त्यांच्या कितीतरी वर चमकत होतं. बुधली हातातच होती. माझ्या लक्षात आलं की त्यांना समजतंय, आणि समजल्यावर ती आपल्यामुळेच गळत होती का हे ते विचारणार, तेही मला कळलं. त्यांच्या तोंडून ते येऊ नये असं मला वाटलं.

मी त्यांच्या हातातून बुधली घेतली. चोचीला कापसाचा बोळा लावला. मग जे मला कधीच मोठ्याने बोलता आलं नव्हतं, त्यांच्याच बोलीत, वरच्या मजल्यावरच्या काकांनाही ऐकू जाईल इतकं मोठ्याने मी म्हणाले,

"आजोबा, पुरे आता. तुम्ही जेवूक घातलास, तिचा पोट भरला. आता तिका जत्रेक जावंदेत."