मांजराचं पाप

दारव्ह्यात शीला खोब्रागडे कोण म्हणून विचारलं तर कोणी सांगणार नाही. मांजरवाल्या शीलाबाई म्हटलं की पानठेल्यावरचा माणूसही उठून घर दाखवतो. शिवणकाम करता करता त्यांनी पर्शियन मांजरं पाळली, पिल्लं विकली आणि हौसेचा धंदा झाला. पिल्लं सगळी सरदार नावाच्या एकाच बोक्याची. 'शीलाबाईंचं पिल्लू म्हणजे खात्रीचं,' असं लोक म्हणत. त्यांना ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? खात्रीची म्हणवून घ्यायला बाईचं अर्धं आयुष्य जातं.

नागपूरच्या डॉक्टर नयन जातिवंत मांजरांच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करत होत्या. नमुने मागायला आल्या, तेव्हा बाकीच्या पाळणाऱ्यांनी दारं लावून घेतली. नसती पीडा कोण ओढवून घेईल? शीलाबाईंनी मात्र सरदारच्या गालातून कापसाचा बोळा फिरवू दिला. निकाल आला. दोष सरदारमध्येच होता आणि निम्म्या पिल्लांत उतरण्याचा संभव होता. अशा मांजराच्या किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि ते झिजून मरतं. शीलाबाई पोटभर रडल्या. मग सरदारची नसबंदी करून घेतली आणि विकलेल्या पिल्लांचे नमुने आणायला स्वतःच निघाल्या. "तुमचं नाव कुठं येणार नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बोरी अरबला कोकिळाबाईंनी चहा ठेवला.

"आमची चिंगी तं गेली, ताई. दोन वर्षं झाली. माह्या जावेनं, नलूनं, काहीतरी घातलं तिले."

"लगेच गेली काय?"

"नाही ना. सारखं पानी पेत होती, वाळून काडी झाली. फवारणीचं औषध थोडं थोडं देत असन नलू. तवापासून बोलनं बंद हाय आमचं."

वाळून काडी होणं, हे तर सरदारच्याच आजाराचं लक्षण होतं. मांजर मारणं ही गावात साधी गोष्ट नाही. ते पाप फेडायला सोन्याचं मांजर काशीला वाहावं लागतं, म्हणतात. विहारात जाणाऱ्या शीलाबाई असलं काही मानत नव्हत्या. पण शेजारच्या घरातली नलू ते पाप डोक्यावर घेऊन जगत होती. गप्प बसलं असतं तर दारव्ह्यातलं नाव शाबूत राहिलं असतं. तो मोह त्यांना झाला, चांगलाच झाला.

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कोकिळाबाईंनी नलूच्या घराकडे पाहिलं.

"आता कोन्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?"

"मी जाते," शीलाबाई म्हणाल्या.

नलू अंगणात तूर पाखडत होती. ऐकता ऐकता तिचं सूप थांबलं.

"म्हणजे मी नाही?"

"तू नाही, बाई."

"मलेच वाटाले लागलं होतं. औषधाचे हात धुतले, त्या पान्यात तिनं तोंड घातलं असन." तिनं सूप खाली ठेवलं. "संकरातीचं वाण कोनी घेत नाही माह्या हातचं."

शीलाबाईंनी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला आणि फाटकाकडे बोट केलं.

"तिथं उभ्या राहून सांगा. मोठ्यानं."

शीलाबाई फाटकात गेल्या. "चिंगीले नलूनं नाही मारलं," त्या ओरडून म्हणाल्या, "माह्या घरूनच ती आजार घेऊन आलती." आवाज ऐकून दोन बायका बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. शीलाबाईंनी आपलं नाव-गाव सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.