सारजाच्या फडताळातले डबे

काटा पायात कधी मोडला ते सारजाला कळलंच नाही. वांग्याच्या वावरातून ती संध्याकाळी घरी आली, दारातल्या दगडावर पाय धुवायला बसली, तेव्हा डाव्या पायाच्या करंगळीखाली रक्त वाळलेलं दिसलं. बाभळीचा काटा होता, चांगला जाडजूड. तिनं तो सुईनं उकरून काढला, वर हळद दाबली आणि चुलीपुढं जाऊन बसली. दुखत नाही म्हणून तिला बरंच वाटलं.

शहाण्णव सालचा तो उन्हाळा. सारजा तेव्हा चाळिशीला टेकली होती. अंथुर्ण्याच्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर घरची भाजी होती, ती सारजा बघायची. नवरा बिरदेव बारामतीच्या एमआयडीसीत एका बेकरीच्या कारखान्यात कामाला होता. खारी, टोस्ट, क्रीमची बिस्किटं, शेव, फरसाण असा सगळा माल तिथं निघायचा. तुटलेला, वाकडा भाजलेला माल दर शनिवारी कामगारांना वाटून देत. बिरदेव मोटारसायकलच्या हँडलला दोन्हीकडं पिशव्या लटकावून यायचा आणि सारजा तो माल पत्र्याच्या डब्यांत भरून फडताळात रचून ठेवायची.

बिरदेवाला त्या डब्यांचा अभिमान होता. त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कोकणच्या वाटेला लागायचं, कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मिळेल तेवढ्या भाकरीवर दिवस काढायचा. वाटेवरच्या बाजारगावात मिठाईच्या दुकानापुढं तो उभा राहायचा आणि दुकानदार त्याला हाकलून द्यायचा. हे त्यानं सारजाला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. आता घरी पाव्हणा आला की तो ओसरीवरून आत सांगायचा, "डबं काढ." सगळे डबे पाव्हण्यापुढं ओळीनं मांडले जायचे. एरवीही तो, सारजा आणि आठवीतली मुलगी छकुली, तिघंही चहाबरोबर, जेवणाआधी, जेवणानंतर, हात जाईल तेव्हा त्यातलं खायची.

पायाची जखम काही भरून येईना. हळद झाली, एरंडाचं पान झालं, गावातल्या कंपाउंडरचं मलम झालं. करंगळी सुजून काळपट दिसायला लागली तेव्हा बिरदेवानं सुट्टी टाकली आणि तिला गाडीवर बसवून बारामतीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, मग लघवी तपासायला सांगितली. काचेच्या नळीतलं निळं औषध तापवल्यावर विटकरी लाल झालं. ती नळी त्यांनी दोघांना दाखवली. साखर आहे, म्हणाल्या, आणि बरीच आहे. काटा भरला तेव्हा दुखलं होतं का, असं त्यांनी विचारलं. सारजा नाही म्हणाली.

"तीच काळजीची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "पायाचं कळणं कमी झालंय. साखर खाली आली नाही तर ही जखम भरणार नाही. मग बोट काढावं लागेल. तिथंच थांबेल असंही मी सांगू शकत नाही."

गोळ्या लिहून दिल्या. भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक चालेल. साखर, गूळ, मैदा, तळलेलं काही नको. बिस्किट तर एकही नको. बिरदेव सगळ्याला मान डोलावत होता. बाहेर पडल्यावर त्यानं सवयीनं स्टँडजवळच्या हॉटेलापुढं गाडी लावली आणि दोन प्लेट भजी सांगितली. प्लेटी पुढं आल्या तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. सारजा पाण्याचा ग्लास धरून बसली. मग अन्न टाकवेना म्हणून दोन्ही प्लेटी त्यानंच संपवल्या.

त्या शनिवारी पिशव्या आल्याच. सारजानं त्या हातात घेतल्या नाहीत.

"आता हे घरी आणू नगा," ती म्हणाली.

बिरदेवाला ते लागलं. साखर तुला झालीय, मला न्हाय, पोरीलाबी न्हाय, असं तो म्हणाला. दिवसभर भट्टीपुढं भाजून निघाल्यावर घरी येऊन चार घास आवडीचं खायचं नाही तर मग राबायचं कशाला, हेही म्हणाला. पिशव्या त्यानं स्वतःच डब्यांत रिकाम्या केल्या आणि डबे फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. तिथवर सारजाचा हात पोचायचा नाही. एवढं केलं की झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

वाईट माणूस नव्हता तो. तिच्या गोळ्या संपायच्या आत आणायचा. तिचा पाय स्वतः धुऊन पट्टी बदलायचा. पण संध्याकाळी ओसरीवर बसून ताटलीत फरसाण घेतलं की ते चावल्याचा आवाज घरभर ऐकू यायचा. सारजा तेव्हा गोठ्यात जायची. काम नसलं तरी शेण पुन्हा एकदा सारखं करायची. परत आली की वास असायचा. कधी तो सहज म्हणायचा, "एक घे गं. एकानं काय हुतंय?" ती नको म्हणायची. असं रोज एकदा नको म्हणायचं आणि आपणच घरात काहीतरी बिघडवतोय असं वाटून घ्यायचं.

छकुलीनं तर आईसमोर खाणंच सोडलं. खारी फ्रॉकच्या खिशात घालायची आणि घरामागच्या चिंचेखाली जाऊन खायची. एक दिवस बिरदेवानं ते बघितलं. पोरीला काही बोलला नाही. आत येऊन सारजाला म्हणाला, "माझ्या पोरीला माझ्याच घरात चोरून खायला लावलंस तू." सारजाच्या हातात भाकरीचं पीठ होतं. ती थापत राहिली.

सगळ्यात अवघड होती दुपार. बिरदेव कामावर, छकुली शाळेत. पाय दुखावलेला म्हणून सारजाला रानात जाता येत नव्हतं. घरात ती आणि वरच्या फळीवरचे डबे. गोळी घेतली की भूक खवळायची. भाकरी खाल्ली तरी तोंडाला काहीतरी हवंच असायचं. ती गोधडी शिवायला घ्यायची, धान्य निवडायची, शेजारच्या गोजरबाईकडं जाऊन बसायची. पण गोजरबाईही दुपारची झोपायची.

अशाच एका दुपारी सारजानं धान्याची रिकामी, पालथी घातलेली बुटकी कणगी ओढली, तिच्यावर बरा पाय टेकून वर चढली आणि बिस्किटांचा डबा काढला. एक तुकडा खायचा होता. तिनं उभ्या उभ्या खाल्लं, ओंजळभर, चव कळायच्या आत. मग उरलेले तुकडे बोटांनी उसकटून वर आणले, म्हणजे डबा भरलेला दिसावा. पदरानं तोंड पुसलं, कणगी जागेवर सरकवली. संध्याकाळी बिरदेवानं पट्टी बदलताना विचारलं, आज काय खाल्लंस? ती म्हणाली, भाकरी आणि मेथी.

त्यानंतर आज खायचं नाही असं ती रोज ठरवायची आणि रोज नाही तरी बऱ्याच दुपारी कणगी ओढली जायची. जे संध्याकाळी नवऱ्यासमोर निग्रहानं टाळायचं तेच दुपारी एकटीनं खायचं. खाल्ल्यावर भीती वाटायची, आणि भीती वाटली की पुन्हा खावंसं वाटायचं.

डॉक्टरीणबाईंच्या नळीचा रंग बदलेना. त्यांनी गोळ्या वाढवल्या. पथ्य पाळता का, असं विचारलं. सारजाच्या आधी बिरदेवच म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत पाळती. एक दाणा खात न्हाय."

पाऊस उघडून शेतं वाफशावर आली होती तेव्हा करंगळी पुरती काळी पडली. बारामतीला गेल्यावर बाईंनी पट्टी सोडून पाहिली. बोट काढावं लागेल, उशीर केला तर पाऊल जाईल, एवढंच सांगितलं.

बिरदेव उठून उभा राहिला. मनात बरेच दिवस साठलं होतं ते बाहेर आलं. इतके महिने औषध घेतलं, बायको भाकरीपाल्यावर राहिली, वाळून चालली, आणि तुम्ही आता बोट कापायचं म्हणता. औषधच खोटं आहे तुमचं. आम्ही पुण्याला जातो. बाहेरच्या बाकांवरची माणसं दारातून आत बघायला लागली. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. सारजानं त्याला असं कुणा शिकलेल्या माणसापुढं आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्यासाठी भांडत होता आणि चुकीचं भांडत होता.

"औषध खोटं न्हाय," सारजा म्हणाली.

बिरदेवाला ऐकू गेलं नाही. तो बोलतच होता. तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"अवो, औषध खोटं न्हाय. मी खाती. दुपारी तुमी न्हाय तवा. कणगीवर चढून वरचं डबं काढती आन खाती."

बिरदेव तिच्याकडं बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं.

"आन मला इचारलं तर मी खोटं बोलले," सारजा पुढं म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला जमत न्हाय. ते घरात असलं की मला जमत न्हाय. तुमास्नी सांगितलं हुतं मी."

बाईंनी तिला रागावलं नाही. बिरदेवालाही नाही. दाखल व्हायला सांगितलं आणि साखर उतरवायला इंजेक्शनं सुरू केली.

बोट काढलं ते गेलंच, पण पाऊल वाचलं. सारजा बरेच दिवस दवाखान्यात होती. त्या दिवसांत बिरदेव तिच्याशी कामापुरतं बोलायचा. रागावला होता की लाजला होता, हे तिला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. भेटायला येणारी माणसं रीतीप्रमाणं बिस्किटांचे पुडे घेऊन यायची. बिरदेव खोलीच्या दारातच उभा राहायचा, पुडा हातातून काढून घ्यायचा आणि मग माणसाला आत सोडायचा. बिरदेवाची थोरली बहीण रंगूबाई इंदापूरहून पेढे घेऊन आली. भावानं बॉक्स दारात अडवला म्हणून ती रुसली, आजारी माणसाचं तोंड गोड करायचं नाही होय, म्हणाली. बिरदेवानं तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ते सांगून परत येताना त्याचे डोळे लाल झाले होते.

घरी आल्यावर सारजानं पहिल्यांदा फडताळाकडं पाहिलं. वरची फळी रिकामी होती. डबे गोजरबाईच्या घरी गेले होते, मालासकट. सारजाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. घर कुणीतरी लुटून नेल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटतंय म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"मी काय खायचं सोडणार न्हाय," त्या संध्याकाळी बिरदेव म्हणाला. तो जमिनीकडं बघत बोलत होता. "खोटं कशाला सांगू. मला जमायचं न्हाय. पर मी तिकडंच खाऊन यीन. घरात काय आणणार न्हाय."

"आन मला एक घे म्हणू नगा," सारजा म्हणाली. "कुठंच. लग्नकार्यातबी न्हाय."

"न्हाय म्हणणार."

त्यानं ते बरंचसं पाळलं. शनिवारचा माल तो कारखान्याच्या फाटकाशीच बिगारीवरच्या बायकांना देऊन टाकायचा. घरी यायच्या आधी कालव्यावर थांबून चूळ भरायचा. तरी त्याच्या मिशीला कधीकधी शेवेचा वास यायचा, आणि तो आला की सारजा तोंड फिरवायची. दिवाळीत मात्र दोघांचं बिनसलं. रंगूबाई भाऊबीजेला येणार म्हणून त्यानं सारजाला न विचारता करंज्यांचं सामान आणलं. भावाच्या दारात बहीण रिकाम्या ताटावर बसेल काय, असं त्याचं म्हणणं. सारजानं सामान पिशवीतून काढलंच नाही. दोन दिवस अबोला धरला. शेवटी छकुलीनं गोजरबाईच्या चुलीवर करंज्या तळल्या, आणि रंगूबाईला तिथंच जेवायला बसवून भाऊबीज झाली. रंगूबाईनं ते सगळ्या भावकीत सांगितलं.

हळूहळू नळीतला रंग विटकरीचा पिवळा झाला, मग हिरवट. जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. चपलेत करंगळीच्या जागी कापसाची घडी घालून सारजा सकाळी कालव्याच्या भरावानं चालायची. पहिल्या पाळीला जायच्या आधी बिरदेवही बरोबर यायचा. तो पुढं, ती मागं, मधे दहाएक पावलांचं अंतर.

पुढच्या थंडीतली एक सकाळ. पलीकडच्या फडात ऊसतोड चालली होती. बिरदेव चालता चालता थांबला आणि ती जवळ येईपर्यंत उभा राहिला.

"अजून वाटतं का गं खावंसं?" त्यानं विचारलं.

"वाटतं की," सारजा म्हणाली. "रोज वाटतं."

त्याला वाटलं होतं ती नाही म्हणेल. उसाच्या गाड्या जाईपर्यंत दोघं भरावाच्या कडेला उभी राहिली. मग वाट मोकळी झाल्यावर तो तिच्या चालीनं, तिच्या शेजारून चालायला लागला.