शिंजिराच्या घरट्यातले केस

आमी दोघं शेवटचं एकत्र बसलो ते मागच्या पडवीत. बायको केस विंचरत होती. निघालेला गुंतवळ तिनं कुंपणावर ठेवला. म्हणाली, शिंजीर घरट्याला नेतो.

"उघडा टाकू नको, कोण तरी करणी करील."

"म्हातारीवर करणी करून कोणाला काय भेटणार हाय?"

त्याच आठवड्यात ती झोपेतच गेली.

मग करंजाड्याचा एक कॅमेरावाला आमच्या कढीपत्त्याखाली आला. मला वाटलं, बिल्डरचा माणूस, जागा बघतोय. त्यानं घरट्याचा फोटो दाखवला. काड्यांत तिचे पांढरे केस विणलेले.

"काका, पानं आड येतात. फांदी थोडी छाटू?"

"हात लावून बघ."

तो हसला, "उद्या येतो" म्हणाला. हसणाऱ्यावर माझा भरोसा नाय. सकाळी उजाडायच्या आत मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलो.