हरणीला चालवताना

सकाळच्या गाडीनं हातकणंगले स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊसतोडणीचे दिवस होते. फलाटावर थंडी होती, हवेत गुळाचा वास होता आणि आळत्याचा डोंगर धुक्यात अर्धा बुडाला होता. नाशिकहून येताना घोडेस्वारीचे उंच बूट बॅगेत मावले नव्हते, म्हणून हातात धरले होते. ते बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "पावणं, पोलिसात हाय काय?"

मी दिनकरच्या मळ्याचा पत्ता सांगितला.

"म्हंजी घोडीवाल्यांकडं," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा सुरू केली.

दिनकर माझा जुना मित्र. शाहूपुरीतल्या एका कचेरीत आम्ही बरीच वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. निवृत्तीनंतर मी नाशिकला मुलाकडे गेलो आणि उतारवयात घोड्यावर बसायला शिकलो. तो मळ्यात परतला. म्हशींच्या जोडीनं त्यानं एक तांबूस घोडी पाळली, हरणी. शर्यतीत तिच्यापुढे सहसा कुणी जात नसे. गेल्या उन्हाळ्यात दिनकरला अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर हरणीवर बसायला गेलेल्या एका शेजाऱ्याचा खांदा मोडला आणि मग कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

दिनकर अंगणात खुर्चीवर बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. बोलताना एकेक शब्द शोधून आणावा लागत होता.

"आलास," तो म्हणाला. "बरं झालं."

वहिनींनी माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ पेय) दिलं आणि काय ते स्पष्ट सांगितलं. "भावजी, मला गोठ्यात आता ती झेपत न्हाय. शर्यतीवाले दोनदा येऊन गेले. ह्यांना त्यांच्याकडं द्यायची न्हाय. शहराजवळ एक बाई घोडेस्वारी शिकवत्यात, त्या न्यायला तयार हायत. पण घोडी शांत चालली तरच. रविवारी बघायला येणार."

"पळवून पळवून मारतील तिला," दिनकर म्हणाला. एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. त्यानं मला का बोलावलं होतं, ते तेव्हा कळलं.

त्याच दुपारी मी खोगीर चढवलं. नाशिकचे घोडे शाळेतल्या मुलांसारखे रांगेत चालणारे. हरणी रिकिबीत पाय पडताच निघाली. मी लगाम ओढला, तिनं मान पुढे ताणली आणि वेग वाढवला. मळ्याच्या मोकळ्या पट्टीत ती आपण होऊन थांबेपर्यंत मी फक्त वर टिकून होतो.

दिनकरनं खुर्ची बांधावर आणवली होती. तो म्हणाला, "ओढत ऱ्हाऊ नको. माग. तिनं दिलं की सोड."

ऐकायला सोपं होतं. हाताला ते कळायला दोन दिवस गेले. लगाम हलका घट्ट करायचा, तिनं पाऊल जरा आवरलं की त्याच क्षणी बोटं सैल करायची. मी भीतीनं गुडघे आवळत होतो आणि ती त्याला पळायचा इशारा समजत होती. मी श्वास रोखला की तिची पाठ ताठ व्हायची. "श्वास सोड," दिनकर बांधावरून म्हणायचा. दुसऱ्या संध्याकाळी ती दुडक्या चालीवर आली आणि तिथेच राहिली. वहिनींनी त्या रात्री भाकरीबरोबर खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि ताजं लोणी वाढलं. दिनकरनं डाव्या हातानं एक भाकरी जास्त खाल्ली.

शनिवारी मी तिला पाणंदीत (शेतांमधल्या गाडीवाटेत) नेलं. वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोर आला, मोठ्यानं गाणी लावलेला. हरणी जागीच उसळली, वळली आणि भरधाव सुटली. मी सगळं विसरून दोन्ही हातांनी लगाम खेचला. तिला त्याची शुद्धही नव्हती. पाणंद त्या बाजूला मळ्यावरून पुढे डांबरी रस्त्याला मिळते आणि तिथली वाहनं मला दिसत होती. तोडणी झालेलं एक शेत डावीकडे आलं. मी लगाम सोडला, श्वास सोडला आणि फक्त डावी बाजू मागितली. ती शेतात वळली. मोठं वर्तुळ, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. शेवटी ती थांबली. दोघांच्याही अंगातून वाफ निघत होती.

मी तिला हातानं धरून चालत परत आणलं. वहिनी दारातच होत्या.

"बास करा भावजी. एक माणूस घरात असं बसलंय. दुसरं नको."

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. दिनकरनं घोडीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मी बूट काढले नाहीत. पाणी प्यायलो, पुन्हा तिच्यावर बसलो आणि अंधार पडेपर्यंत अंगणाभोवती नुसतं चालवत राहिलो.

रविवारी सकाळी त्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दुडकी चाल पाहिली, दौड पाहिली, मग म्हणाल्या, "आता अगदी सावकाश चालवा. पळणाऱ्या घोड्याला तेच जड जातं."

मी तिला बांधाकडे वळवलं तेव्हा दिनकर काठी घेऊन खुर्चीतून उठत होता. वहिनी धावल्या, त्यानं मानेनंच नको म्हटलं. तो आमच्याजवळ आला, काठी वहिनींकडे दिली आणि चांगल्या हातानं माझ्या रिकिबीचा पट्टा धरला.

"चल," तो म्हणाला. मला की तिला, कळलं नाही.

तो एक पाऊल टाकायचा, दुसरा पाय ओढून आणायचा. मी बोटांत लगाम मागायचो, सोडायचो. हरणीचे कान मागे त्याच्याकडे लागले होते. तीही एक पाऊल टाकायची आणि थांबायची. विहिरीपर्यंत आम्ही असेच गेलो आणि असेच परतलो. वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"मी नेते हिला," बाई म्हणाल्या. "तुम्ही येऊन बघत जा."

"येतो की," दिनकर म्हणाला. बाईंनी आणलेल्या गाडीच्या फळीवरून तिला त्यानंच आत नेलं.

सोमवारी मी परत निघालो. नको म्हणत असताना दिनकर वहिनींना घेऊन स्टेशनवर आला. माझा डबा फलाटाच्या पार टोकाला होता. आम्ही खूप आधी पोचलो होतो, तरी गाडी आली तेव्हा अर्ध्यावरच होतो. समोर आला त्या डब्यात मी चढलो.

"नीट जा," तो म्हणाला.

गाडी सुटल्यावर मी खिडकीतून मागे पाहिलं. परतीचा तेवढाच फलाट त्याला चालायचा होता. वहिनी जिन्यापाशी उभ्या होत्या, पण हात द्यायला पुढे आल्या नाहीत. इतके दिवस मी वेग आवरायला शिकत होतो आणि त्याला बळ लागतं असं समजत होतो. खरं तर सोबतच्याचं पाऊल पडेपर्यंत थांबावं लागतं. दिनकरनं पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला. वळणावर फलाट दिसेनासा झाला तेव्हा तो चालतच होता.