तापाचे दिवस किती

गावात हिला सगळे यमाची कारकून म्हणत, तेही तोंडावर. ही हसायची. कामच तसलं! आसपासच्या बावीस गावांत कुणी गेलं की महिन्याभराने ही मरणाच्या कारणाचा सरकारी फॉर्म घेऊन दारात हजर. ताप होता का, दम लागायचा का, छातीत दुखलं का, किती दिवस? डॉक्टरचं तोंड न पाहताच माणसं जायची. चाळिशीतले पुरुष छातीने, बाया बाळंतपणात, म्हातारी दम्याने. कशाने गेली हे घरच्यांना विचारूनच ठरवायचं. लोक भडाभडा बोलत आणि ही म्हणे, "मावशी, तेवढं दिवसांचं सांगा." अठरा वर्षांत हिचा एकही फॉर्म परत आला नव्हता.

मग हिचा नवराच गेला. सायकली दुरुस्त करायचा, दोन शब्दांत चार विनोद करायचा. तीन दिवसांच्या तापात आटोपला. आपल्या घरचा फॉर्म आपण भरायचा नाही असा नियम, म्हणून दुसऱ्या भागातली बाई येणार होती.

हिला केवढी आस लागली होती त्या दिवसाची! वाईट वाटेल म्हणून गावात कुणी त्याचं नावही काढेना. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, नको ना आता ते." आता निदान कुणीतरी विचारणार होतं. पण ती बाई कामाला वाघ. वीस मिनिटांत शेवटच्या पानावर आली. हिने सांगायला घेतलं, की तापातसुद्धा तो म्हणाला, चेन उतरली गं माझी, तर बाई म्हणाली, "ताई, तेवढं दिवसांचं सांगा."

"पाच," ही म्हणाली. पहिल्या पानावर तीन सांगून झाले होते. आकडे जुळले नाहीत की फॉर्म परत येतो, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक?

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा दारात. चेहरा पडलेला. "ताई, मला बोलणी बसली हो. तुमच्यासारखीच्या हातून अशी चूक?"

हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तीनच दिवस. चूक नव्हती ती, बाई. त्याच्याबद्दल कुणी विचारतच नाही गं."

बाईने आकडा सुधारला, पेनाला टोपण लावलं, फॉर्म पिशवीत घातला. आता उठणार, असं हिला वाटलं. पण बाई भिंतीला टेकून नीट बसली.

"ते चेनचं काय म्हणाले होते?" तिने विचारलं.