वहीतल्या चार ओळी

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम एकशे पंचवीस डॉलर. हजर माणसं चार: मी, माझा नवरा, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि चॅपलच्या खजिनदारबाई. वस्तू एक: पायांनी भाता मारून वाजवायची जुनी पेटी, आपल्याकडे जिला पायपेटी म्हणतात ती.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मराठी शेजाराचं मॉरिसव्हिल सोडून आम्ही पेनसिल्व्हेनियात आलो, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. आमच्या गावाभोवती पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स या छोट्या देशातून कधीकाळी खाणकामगार इथे आले, कारण हा दगड पातळ पापुद्र्यांत फोडायची कला त्यांच्या हातात होती. त्यांनी गावात स्वतःचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, बांधलं आणि स्वतःच्या भाषेत तिथे प्रार्थना करू लागले. खाणी आता बहुतेक बंद आहेत. भाषा नातवंडांपर्यंत पोचली नाही. चॅपलचे सभासद सात उरले होते आणि इमारत विकली गेली होती. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शेवटची प्रार्थना व्हायची होती, त्याआधी सामानाची विक्री.

मी लहानपणी साताऱ्याला सहा वर्षं पेटी शिकले. लग्नानंतर बावीस वर्षं तिला हात लावला नव्हता. जाहिरातीतला फोटो पाहिला आणि शनिवारी सगळ्यांना गाडीत घातलं.

"काही कमी होईल का?" नवऱ्याने सवयीने विचारलं.

खजिनदारबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कमी केलं तर मला हिशोबात कारण लिहावं लागेल. तुझ्याकडे कारण आहे?"

बाई मला तिथेच आवडल्या.

पेटीच्या स्टुलाखालचा कप्पा त्यांनी रिकामा केला. त्यातून एक काळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. "ही विकायची नाही," त्या म्हणाल्या. "ही माझ्या बाबांची. पण उपयोग काही नाही, कुणाला वाचता येत नाही."

मी डोकावले. पानावर बारीक इंग्रजी अक्षरं होती, मध्ये मध्ये दोन-दोन टिंबं आणि उभ्या रेघा. d, r, m, f, s. मी अक्षरांवरून बोट फिरवलं. डो, रे, मी, फा, सो. खालच्या सप्तकाच्या सुराला खाली बारीकशी रेघ, जशी आम्ही खाली टिंब देऊन दाखवायचो. आणि पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं की F म्हणजे डो.

"अहो, ही तर सरगम आहे," मी नवऱ्याला म्हटलं. "F म्हणजे आपली पांढरी चार. सा कुठेही धरा, बाकीचे सूर त्याच्यामागून येतात."

बाईंना इंग्रजीतून पुन्हा सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. त्यांचे आजोबा आणि बाबा हीच अक्षरं वाचून गायचे, त्या म्हणाल्या. चॅपलमध्ये कुणालाच पाच रेघांचं नोटेशन येत नव्हतं. ही चाल बाबांनी स्वतः रचली होती. दिवसा खाणीत दगड फोडायचे आणि जेवणाच्या सुट्टीत चाल लिहायचे. पण ती चॅपलमध्ये कधीच गायली गेली नाही. "सहा आठवड्यांत इमारत जाईल. त्याआधी एकदा, इथे, ती ऐकायची आहे मला. वाजवशील?"

मी भात्यावर पाय ठेवले. पानावर चार ओळी होत्या, एकाखाली एक. मी मात्रा मोजल्या. प्रत्येक ओळीत सोळा, चारही ओळींत बरोबर. हिशोब चोख होता, म्हणून मी निर्धास्त सुरुवात केली.

पहिली ओळ झकास निघाली. दुसरी जरा रेंगाळली, चार-पाच सुरांबाहेर जाईचना. तिसरी कुठून तरी मधूनच उगवल्यासारखी. चौथी म्हणजे सा, सा, म, प, सा, तेही पार तळातून, एखादा म्हातारा जिना चढतोय अशी. मला वाटलं, धृपद बरं आहे, पण अंतऱ्यात बिचाऱ्यांचं डोकं चाललेलं नाही.

वळून पाहिलं तर मुलीने जॅकेटची टोपी तोंडावर ओढली होती. "आई, स्टॉप. दॅट्स सो एम्बॅरसिंग. त्या चार ओळी एकदम गायच्या असतात. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, वरच्या आवाजापासून तळातल्यापर्यंत. ॲट द सेम टाइम."

"चार माणसं चार वेगळ्या चाली एकाच वेळी गातात?"

"येस, आई. सगळं जग तसंच गातं."

"सगळं नाही," नवरा म्हणाला. "सातारा जिल्हा नाही."

मी हसले, नवरा हसला, पण बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दुसरी ओळ परत वाजव."

वाजवली. त्या सोबत गुणगुणल्या, एकही सूर न चुकता.

"भांडी घासताना आई हेच म्हणायची," त्या म्हणाल्या. "ती आल्टो होती. बाबांनी तिला तिची ओळ शिकवली असणार. मला वाटायचं, हीच ती चाल. इतकी सपाट. मला वाटायचं, बाबांना जमली नाही, म्हणून कुणी गायली नाही. म्हणून मी वही कुणाला दाखवली नाही. पंच्याहत्तर वर्षं मी बाबांबद्दल हेच धरून बसले होते."

आता काय करायचं हे सांगायची गरज उरली नव्हती. एकशे पंचवीसचा चेक मी दिला, पेटी शेवटच्या रविवारपर्यंत तिथेच ठेवायची असं ठरलं आणि गुरुवारी संध्याकाळी तालीम सुरू झाली.

माणसं जमवणं हे खरं काम होतं. आल्टो बाई स्वतः. टेनर निवृत्त पोस्टमन, सात सभासदांपैकी एक. सोप्रानो आमची मुलगी, शाळेच्या क्वायरमध्ये गाणारी, हो म्हणायला तिने तीन दिवस घेतले. बेसला कुणी नव्हतं. नवरा आजवर आरतीपलीकडे गायला नव्हता आणि आरतीतही तो टाळ्यांवर भागवायचा. पण त्याचा आवाज तळातला आहे आणि त्या ओळीत सूर मोजून तीन.

"एवढं तर एक्सेल शीटसुद्धा गाईल," तो म्हणाला, आणि गाडीत ऑफिसला जाता-येता सा, म, प करू लागला.

"बाबा, यू आर फ्लॅट," मुलगी म्हणायची.

"फ्लॅट म्हणजे?"

"सा खाली पडलाय."

"मग उचलतो, यार. ओरडतेस कशाला?"

ओळींखाली लिहिलेले शब्द वेल्शमधले होते. बाईंना लहानपणची वेल्श म्हणजे प्रार्थना, आकडे आणि आईचं रागावणं, एवढीच येत होती. बाकीची त्या फोनमधल्या ॲपवर शिकत होत्या, रोज वीस मिनिटं, सलग दोनशे चौदा दिवस. हा आकडा त्यांनी मला न विचारता सांगितला. त्या एकेक शब्द म्हणायच्या आणि मी देवनागरीत लिहून घ्यायची. एक आवाज आपल्या कुठल्याच अक्षरात बसेना, जीभ ल वर ठेवून बाजूने फुंकर मारल्यासारखा. त्याला मी 'ल्ह' लिहिलं आणि पुढे एक फुली मारली. बाईंनी माझा कागद हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"ही आमची भाषा आहे की तुझी वाणसामानाची यादी?"

"वाचून दाखवू?"

मी वाचलं. त्यांनी तीन चुका काढल्या आणि "दा याऊन" म्हणाल्या, म्हणजे छान. मग म्हणाल्या, "तुझा उच्चार माझ्या मुलापेक्षा बरा आहे. त्याने कधी प्रयत्नच केला नाही." माझी मुलगी समोर बसून फोन बघत होती.

शेवटच्या रविवारी बाकांवर त्रेचाळीस माणसं होती. मी मोजली, कारण सुरुवातीला माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. मग बाईंनी उभं राहून दोनच वाक्यांत सांगितलं की ही चाल कुणाची आणि ती इथे पहिल्यांदाच गायली जाते आहे. मी सूर दिला. पहिलं कडवं चौघांनी धरलं आणि मला पेटीवर बसल्या बसल्या कळलं की ती तळातली ओळ नसती तर बाकीच्या तिन्ही हवेत तरंगल्या असत्या. दुसऱ्या कडव्यात पोस्टमन चुकून मुलीच्या ओळीवर गेला. नवरा अजिबात हलला नाही. त्याला दुसरी ओळ येतच नव्हती. तिसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून दोन-तीन आवाज आले, शब्दांशिवाय, आपापल्या ओळी हुडकत.

बाई रडल्या नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी वहीकडे बघून मुंडी हलवली आणि म्हणाल्या, "चांगली चाल आहे."

लोक चहाला खाली गेल्यावर त्यांनी चेकबुक काढलं. चॅपलचं खातं सोमवारी बंद होणार होतं.

"पेटी वाजवणाऱ्याला एका प्रार्थनेचे चाळीस डॉलर," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या.

"मला नकोत."

"तुला हवेत का, हे मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या माझ्या हिशोबात कुणी फुकट वाजवलेलं नाही. शेवटच्या पानावर मी ते सुरू करणार नाही."

मी चेक घेतला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

"आणि बेस?" नवऱ्याने विचारलं.

"गाणाऱ्यांना इथे कधीच काही मिळालेलं नाही," बाई म्हणाल्या. "माझे बाबा चाळीस वर्षं बेस गायले."

चॅपलच्या खात्यावरचा तो शेवटचा चेक: चाळीस डॉलर, माझ्या नावे. नवऱ्याला शून्य.