वरच्या मजल्यावरची नेत्साई

नेत्साई गुम्बो कुणाच्या अध्यात ना मध्यात. झिम्बाब्वेत शाळेत शिकवणारी बाई. इंग्लंडात बार्न्स्लीला आली आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात अकरा वर्षं म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालत राहिली.

विल्फ थॅकरे हा तिथला सगळ्यांत खवट म्हातारा. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. पहिल्याच दिवशी तो तिच्यावर खेकसला, "तू नको. गोरी कुणीतरी पाठव."

"पाठवते की. पण ती येणार जेवणं झाल्यावर. तोवर ओल्या पायजम्यात बसायचं असेल तर बसा बापडे."

विल्फ धुमसला, पण मग त्याने गुपचूप पाय पुढे केले. पुढे पुढे तर असं झालं, की तिची सुट्टी असली की स्वारी चहाला तोंड लावत नसे.

त्या वसंतात करोना आला. ताप आलेल्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. व्यवस्थापक जॅनेटने कामाची यादी भिंतीवर लावली. वर कोण? नेत्साई, फिलिपिन्सची मारिव्हिक आणि घानाचा क्वाबेना. पुढच्या आठवड्यात तेच तिघे. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. एक मास्क दिवसभर पुरवायचा.

"ताई, गप्प बस," मारिव्हिक कुजबुजली. "माझा व्हिसा अजून व्हायचाय."

"तुझा व्हायचाय. माझा झालाय," म्हणत नेत्साई जॅनेटच्या दारात जाऊन उभी राहिली. "जॅनेट, यादीत आमच्याशिवाय कुणाचं नाव का नाही?"

"अगं, तुम्ही लोक कसे काटक..."

"मला मधुमेह आहे. तुझ्याच कपाटात कागद आहे त्याचा."

जॅनेटने कागद काढून वाचला. तो खाली ठेवत ती म्हणाली, "माझं चुकलं गं. माझ्या ध्यानातच आलं नाही." खोटं नव्हतं ते, नेत्साईला वाईट वाटलं ते त्याचंच. दुसऱ्या दिवशीच्या यादीत वरच्या मजल्यावर पहिलं नाव जॅनेटचं होतं आणि नेत्साई खाली आली.

चारच दिवसांत विल्फला ताप भरला. त्याला वर नेलं. मास्कमागचे चेहरे त्याला ओळखू येईनात. तो चमचा ढकलून द्यायचा, घाबरून ओरडायचा. संध्याकाळी जॅनेट जिन्यातूनच म्हणाली, "तुझं नाव घेतोय. मी तुला जा म्हणणार नाही, फक्त सांगतेय."

घरी नवरा, फराई, भडकला. "रुफारोच्या आई, आत्ताच भांडून खाली आलीस ना? मग आता?"

"तेव्हा पाठवलं होतं मला. आता मी जातेय."

फराईने उठून मागच्या खोलीत तिचं अंथरूण वेगळं घातलं. तिथून पुढे रोज झाकलेली सादझा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आणि पालेभाजी दाराबाहेर ठेवून तो दारापलीकडे जमिनीवर बसायचा. दार मध्ये ठेवून दोघं जेवायची.

मास्क होता, पण तिचा आवाज विल्फने बरोबर ओळखला. "कुठं उलथली होतीस, पोरी?"

"खाली. तुमच्यापेक्षा गोड म्हातारे आहेत तिथं."

तो हसायला गेला आणि खोकला. तिच्या हातून चार चमचे पेज मात्र गेली. पाच दिवस तेवढीच जात राहिली. सहाव्या दिवशी तीही जाईना. त्याची मुलगी मॉरीन बाहेर हिरवळीवर उभी असायची. नेत्साई फोन त्याच्या कानाशी धरायची. शुक्रवारी दुपारी मॉरीन शेजाऱ्यांच्या कुत्र्याने केलेला पराक्रम सांगत होती. ऐकता ऐकता विल्फचा श्वास थांबला. नेत्साईने फोन लगेच काढला नाही. मॉरीनचं बोलणं पुरं होऊ दिलं आणि मग सांगितलं.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मॉरीनच्या घरातच तेरा जण. तरी तिचा फोन आला, "नेत्साई, एक जागा तुझी."

"अहो, तुमची नातवंडं..."

"त्यांना समजावलंय मी. तू ये."

नेत्साई गेली, आणि चार हात अंतर ठेवून भिंतीशी उभी राहिली. विल्फच्या म्हाताऱ्या भावाने लांबूनच विचारलं, "या कोण?"

"ही नेत्साई," मॉरीन म्हणाली. "बाबा हिच्याच हातचं जेवायचे."

म्हाताऱ्याने टोपी काढली. नेत्साईचा मास्क भिजून चिंब झाला होता. मॉरीनने पर्समधून नवा काढला, आणि हात लांब करून तिच्यापुढे धरला.